पोत्याखालची टाकी

गॅसच्या दुकानाच्या दारातल्या रिकाम्या टाकीला त्याचा पाय लागला, ती आडवी झाली आणि घरंगळत थेट काउंटरला येऊन थडकली. ही त्यांची पहिली भेट.

“काही बिघडलं नाही ना?” त्यानं घाबरून विचारलं.

“टाकीला काही होत नसतं,” काउंटरमागून ती म्हणाली. “पायाचं बघा.”

तो वजनकाटे तपासणारा. दुकानादुकानांतून फिरून काटे बरोबर करून द्यायचा. घरी हौसेनं बिअर करायला घेतली होती. पिंप मिळालं होतं, नळ मिळाला होता, आता गॅस हवा होता. हा गॅस जळणारा नव्हे बरं का. सोड्यात बुडबुडे आणतो, तोच. पिंपात त्याचा दाब असला की बिअर नळापर्यंत चढते आणि तिच्यावर फेस धरतो.

“स्वस्तातली टाकी दाखवा,” तो म्हणाला. “पण फसवू नका हं, मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

दुकान तिच्या बाबांचं. त्यांनी तिला लहानपणापासून एकच धडा दिला होता: आधी गिऱ्हाइकाला किती लागतं ते विचारायचं, मग टाकी दाखवायची. तिनं विचारलं.

“पंधरा दिवसांत एक पिंप. मित्र फार आहेत हो, आणि सगळे कायमचे तहानलेले!”

एवढ्या वापराला पाच किलोची टाकी हवी. कोपऱ्यात तशी एक वापरलेली उभीही होती. रंग उडालेला, पण खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख अगदी ताजी. किंमत छोट्या बाटलीहून जराशीच जास्त. तिला हे सगळं ठाऊक होतं. पण तो हसला... आणि तिनं हातातलं पोतं सहज टाकल्यासारखं त्या टाकीवर टाकलं.

“ही अर्ध्या किलोची घ्या,” ती म्हणाली. “सगळ्यांत स्वस्त.”

असं आपण का केलं, ते तिला महिन्याभरानं कळलं. तो रिकामी बाटली घेऊन दारात उभा राहिला आणि तिचा हात आपोआप केसांकडे गेला.

मग तो येतच राहिला. बाटली काट्यावर ठेवून भरायची, म्हणजे त्याची जीभ सैल सुटायची.

“तुमचा काटा दहा ग्रॅमनं लबाड आहे.”

“काटा लबाड नाही. तुम्ही त्याच्यावर कोपर टेकलंय.”

“मग माझंही वजन भरून द्या की.”

“तुमच्यात गॅस आधीच भरपूर आहे!”

गॅस सुटताना झडप गार पडायची, तिच्यावर पांढरं बर्फ धरायचं. एकदा तिची बोटं त्या गारठ्यानं बधिर झाली. त्यानं ती ओंजळीत धरली, फुंकर घातली – आणि मग दोघंही काट्याचा आकडा वाचत बसले, जणू तो फार अवघड होता.

त्याच्या सातव्या खेपेला ती मनाशी ठरवूनच दुकानात आली होती. आज बोलायचं. निळा कुडता घातला होता, शब्दही जुळवले होते. तेवढ्यात बाबा गुडघा धरत आतून बाहेर आले.

“अहो, तुम्ही अजून ही चिमुकली घेऊन हेलपाटे घालताय? ही पाच किलोची केव्हाची पडून आहे!” त्यांनी पोतं ओढलं. “अगं, यांना दाखवली नाहीस?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी शोधायला आत निघून गेले.

त्यानं टाकीच्या खांद्यावरची तारीख वाचली.

“मी पहिल्यांदा आलो तेव्हा होती ही?”

“होती.”

“मग?”

जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले. “तुम्ही परत यावं म्हणून.”

त्यानं पोतं उचलून त्याची घडी घातली.

“एकदा ‘या’ म्हणायचं होतंत...”

“आला असतात?”

“इथं यायचं असलं की घरी जाऊन शर्ट बदलायचो मी.”

तिचे डोळे भरून आले. “मग आता –”

“आता मला वाटत राहणार, आणखी कुठंकुठं पोतं टाकलंय.”

“कुठंच नाही. खरंच नाही हो.”

“नसेलही. पण ते मला तपासत बसावं लागेल. दिवसभर लोकांचे काटे तपासतो मी. घरीही तेच करायचं?”

तो रागावला असता तर ती भांडली असती. तो रागावला नव्हता.

“पाच किलोची द्या,” तो हळूच म्हणाला.

तिनं टाकी भरली. झडपेला साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. उभीच ठेवायची, बंद खोलीत ठेवायची नाही, हेही सांगितलं. त्यानं टाकी खांद्यावर घेतली. दाराशी थांबून, वळून न पाहता त्यानं विचारलं,

“किती दिवस पुरेल?”

तीन महिने, असं खोटंच तिच्या ओठांवर आलं होतं.

“दहा महिने,” ती म्हणाली. “जपून वापरलीत तर वर्षभर.”