डबल बेल

नातीला पहिला दात आला त्या वर्षीची ही गोष्ट. ती पोटात असताना ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर बसमध्ये कंडक्टर. "पुढे सरका, दार अडवू नका," असं ओरडून कमावलेला आवाज त्या ऑपरेशनात गेला तो गेलाच.

आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून सूनबाईने आदल्या दिवशी ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"बाबा, बाळासाठी काहीतरी बोलून ठेवा."

हे आधी लाजले. मग खाकरून म्हणाले, "अगं किंवा अरे, जे कोण असशील ते. आजोबांनी तुझी जागा धरून ठेवलीय. सावकाश चढ." आणखीही पुष्कळ बोलले. नातीसाठी आजोबांचा आवाज एवढाच, त्या कॉम्प्युटरच्या पेटीतला.

पुढे हे पाटीवर लिहून बोलू लागले. मला अक्षर येत नव्हतं. नवऱ्याचं बोलणं कळावं म्हणून मी म्हातारपणी मुळाक्षरं गिरवली. घाईच्या कामाला मात्र ह्यांची अंगठी होती. पलंगाच्या लोखंडी दांडीवर ती वाजवायचे. भाषा बसचीच. एक टक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. सूनबाई कामाला निघाली की रोज डबल बेल मिळायची. पाण्यासाठी तीन, ही आमची भर.

उन्हाळ्यात ह्यांची तहान फार वाढली, असं आम्हाला वाटलं. टक टक टक. मी पाणी नेलं. परत टक टक टक. सूनबाईने नेलं. हे निमूट प्यायले. चौथ्या भांड्याला पाटी वर आली. "बुडवता का मला?"

"तुम्हीच तर वाजवलंत," मी म्हटलं.

त्यांनी अंगठीचा हात पांघरुणातून बाहेर काढून दाखवला.

आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता, कॉम्प्युटरमधून. सूनबाईने कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, हार्ड डिस्क चाललीय वाटतं. बाबांचा आवाज ह्यातच आहे. मी दुसरीकडे ठेवलाच नाही हो."

तिने लगेच पेटी बंद केली. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येणार होता. ह्या दोन दिवसांत एकदा मी चक्रावले. बंद पेटीतून टक टक टक आलं. वायर काढून भिंतीशी ठेवली होती. मी जन्मभर इस्त्री केली आहे, तापलेलं लोखंड निवताना वाजतं हे मला ठाऊक आहे. पण ही पेटी कालपासून गार होती. तरी सवयीने पाणी घेऊन गेले. ह्यांचा हात दांडीपर्यंत पोचला होता, अजून वाजला नव्हता. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटीवर लिहिलं, "आत्ता वाजवणारच होतो."

दुरुस्तीवाला आला, पेटी उघडून बसला.

"काकू, आत एक सुई असते, ती अडखळतेय. एकदा शेवटचं चालवून सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेऊ. देवाचं नाव घ्या."

"घेते. तू हात स्थिर ठेव."

तो हसला. काम चालू असताना हसू गेलं. "बिघडलेली डिस्क एकसारखी वाजत राहते," तो म्हणाला. "ही वाजते आणि थांबते. कोणी येतंय का, हे बघत असल्यासारखी."

सूनबाई पाण्याचं भांडं आधीच आत घेऊन गेली होती.

आवाज वाचला. नव्या डिस्कवरून "अगं किंवा अरे" ऐकून नात खिदळली. हे आतून ऐकत होते, डोळे पुसत होते. जुनी डिस्क फेकून द्या, म्हणाला होता दुरुस्तीवाला. माझं मन होईना. टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली.

पाऊस सरताना ह्यांनी खाणं सोडलं.

एका दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. कपाटातून आवाज आला. टॉवेलातला, दबका.

दोन.

तीन नव्हे. दोन.

मी चमचा खाली ठेवला. ह्यांनीही ऐकलं असावं. हात दांडीकडे सरकला. अंगठी वाजली. एकदाच.

एक म्हणजे थांबा.

"थांबले हो," मी म्हटलं. "इथेच आहे."

त्यांनी मान हलवली. नाही. बोट पुन्हा उचलायला बघत होते. उचलेना.

मला कळलं.

मी त्यांचा हात हातात धरला आणि दुसरी टक त्यांच्या अंगठीने मीच वाजवली.

त्यानंतर कपाट गप्प होतं. गेल्या आठवड्यात सूनबाई स्वयंपाकघरातून पाण्याचं भांडं घेऊन आली. "आई, तुम्ही वाजवलंत?"

माझे दोन्ही हात मांडीवरच्या लोकरीत होते.

"आत्ता मागणारच होते," मी म्हटलं, आणि पाणी प्यायले.

माझे यजमान गेले ते नातीला पहिला दात आला त्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी. त्यांच्यानंतर ह्या घरातून अजून तरी कोणी गेलेलं नाही.