पुढे गेलेला आवाज

रविवारी दुपारी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात टीव्ही दिसायचा, पण ऐकू यायचा नाही. ग्लेझियर्स या गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना असला की टीव्हीवर बोलायला न्यूयॉर्कहून कोट घातलेले दोन गृहस्थ येत. त्यांना आपल्या खेळाडूंची नावंसुद्धा धड घेता येत नाहीत, असं गावाचं ठाम मत होतं. मग लोक त्यांचं तोंड बंद करत आणि शेजारी रेडिओ लावून वेंडेल प्रायरला ऐकत. वेंडेल गेली तीस वर्षं हे सामने रेडिओवर सांगत होता. त्याचा आवाज लहानपणापासून कानावर पडलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना मांडीवर घेऊन तोच आवाज ऐकत होती.

यात एक अडचण होती, आणि तिच्यावरच रेडिओ केंद्रातल्या इलोना होर्वातची नोकरी चालत होती. टीव्हीचं चित्र उपग्रहाला हात लावून खाली यायचं, त्यामुळे ते थोडं मागे असायचं. रेडिओ थेट पोचायचा. चेंडू पडद्यावर अजून हवेत आणि वेंडेल तो झेलल्याचं सांगून मोकळा. म्हणून इलोनाच्या टेबलावर एक डबा होता. वेंडेलचा आवाज त्यात शिरायचा, काही सेकंद अडकून राहायचा आणि मग बाहेर जायचा. किती सेकंद, ते डब्याच्या बटणावर ठरे, आणि बटण कुठे ठेवायचं ते इलोनाची आई ठरवी. म्हातारी नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत, टीव्हीसमोर, फोन कानाला लावून बसलेली असे.

"अजून मागे घे," ती सांगायची. "हं. अजून थोडा. बसला. आता हात काढ तिथून."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र बटण बसेना.

"इलू, हा पुढे पळतोय," आई म्हणाली.

"किती?"

"मी अजून कांदा चिरतेय तोवर याचा टचडाऊन झालासुद्धा. डबा बिघडलाय की तू?"

इलोनाने बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने डबा बदलला, तारा बदलल्या, केंद्रावर जाऊन यंत्रं उलटीपालटी करून पाहिली. सगळं ठणठणीत होतं. असा डबा आवाजाला फक्त मागे ओढू शकतो, पुढे ढकलू शकत नाही. तेव्हा टीव्हीच जास्त मागे पडत असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत सोयीची होती, म्हणून ती महिनाभर टिकली.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावर सामना होता. मॉमी नदीवरून येणारा वारा कान कापून काढत होता. वेंडेल सामना सांगायचा ती खोली प्रेक्षकांच्या वर, काचेमागे होती. तिच्या बरोबर खाली जुन्या मंडळींच्या रांगा होत्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या कानात रेडिओ. समोर खेळ दिसत असला तरी वेंडेलने सांगितल्याशिवाय त्यांना तो झाल्यासारखा वाटत नसे. खेळाडू अजून गोल करून डोकी जोडून उभे होते, एवढ्यात या रांगाच्या रांगा उठल्या आणि ओरडायला लागल्या. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग ते खाली बसले आणि शेंगदाणे सोलू लागले. त्यानंतर चेंडू सुटला, ग्लेझियर्सचा पोरगा डाव्या कडेने पळत शेवटच्या रेषेपार गेला, टचडाऊन झाला आणि उरलेलं मैदान उभं राहिलं. खालच्या रांगांनी मान वर केली नाही.

इलोनाने खिशातला रेडिओ कानाला लावला.

वेंडेल तिच्यापासून दोन हातांवर बसला होता, ओठ मिटून, पुढच्या खेळीची वाट बघत. आणि तिच्या कानात वेंडेल बोलत होता. फेक लांब गेली, म्हणाला. मग खोकला, माफी मागितली, हसला. ती मैदानाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने फेक लांब गेली. वेंडेलने तेच शब्द त्याच क्रमाने सांगितले, खोकला, माफी मागितली आणि हसला.

मध्यंतरात तिने ड्यूईला बाहेरच्या बोळात गाठलं. ड्यूई स्टॅन्टन हा ग्लेझियर्सचा जुना खेळाडू. अंगाने दाराएवढा. तो वेंडेलच्या शेजारी बसून अधूनमधून खेळातले बारकावे सांगायचा.

"तूही ऐकलंस तर," तो म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मी गाडीतला रेडिओच काढून टाकलाय."

"आणि गप्प बसलास?"

"कुणाला सांगू? डोक्याला पंधरा वर्षं मार खाल्लेला माणूस मी. डॉक्टर म्हणतील, या, तुमचीच वाट बघत होतो." मग त्याने आवाज खाली आणला. "त्याला कळू देऊ नकोस, एवढंच."

वेंडेलला कळायची शक्यता कमीच होती. तो स्वतःला कधी ऐकत नसे. स्वतःला ऐकणारा निवेदक पुढच्या आठवड्यात तोतरा होतो, असं त्याच्या धंद्यात मानतात. गावानेही फारसा बोभाटा केला नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये गस सामन्यांवर पैजा घ्यायचा, त्याने त्या मुकाट्याने बंद केल्या. केंद्राचा साहेब खूश होता, ऐकणारे वाढले होते. कशालाही हात लावायचा नाही, असं त्याने इलोनाला बजावलं.

इलोनालाही ते सोयीचंच होतं. वेंडेलला ती गमावू शकत नव्हती. बाईमाणूस या खोलीत नको, असं सगळे म्हणत असताना त्यानेच तिला खुर्ची दिली होती. तिचे वडील गेले तेव्हा शवपेटीचा एक कोपरा त्याने उचलला होता. त्याच्यावर तिचा जीव होता, आणि जिवाच्या माणसाला अशी गोष्ट तोंडावर सांगवत नाही.

डिसेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. बर्फ भुरभुरत होतं. एव्हाना बाहेर जाणारा आवाज खेळाच्या चांगलाच पुढे गेला होता. सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा निम्मा झाला होता, आणि इलोनाच्या कानातल्या रेडिओवर चौथा भाग सुरू झाला.

"चेंडू आपल्या चाळिसाच्या रेषेवर," कानातला वेंडेल सांगत होता. "फिट्झ मागे सरकतोय, उजवीकडे बघतोय, आणि..."

काहीतरी जड पडलं. खुर्ची सरकली.

"वेंडेल?" हा ड्यूईचा आवाज. "वेंडेल, अरे... इलोना, तो श्वास घेत नाहीये."

मग फक्त प्रेक्षकांचा कल्ला.

इलोनाने वर पाहिलं. वेंडेल खारी प्रेट्झेल मोडून अर्धी ड्यूईला देत होता आणि त्याला न्यूयॉर्कवाल्यांच्या कोटांबद्दल काहीतरी सांगून हसवत होता. त्याचा चेहरा नेहमीसारखाच लाल होता.

चौथा भाग सुरू व्हायच्या आत याला इथून हलवायचं, एवढंच तिला कळलं.

जाहिराती सुरू होताच ती त्याच्यापाशी गेली. "वेंडेल, तुम्ही खाली दवाखान्यात चला. आत्ता."

"का गं पोरी? मला काय धाड भरलीय?"

"एकदा तपासून घ्या."

"सामना संपला की मला हवं तसं तपासा. तीस वर्षांत मी माइक सोडलेला नाही. आईच्या मयतीलासुद्धा सामन्याची वेळ सांभाळून गेलो."

त्याला दुसऱ्या कशाने हलवता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती खोटं बोलली.

"मार्जरी खाली आहे. जिन्यात पडली. तुम्हाला हाका मारतेय."

वेंडेलने बायकोचं नाव ऐकलं आणि कानावरचं यंत्र काढून ड्यूईच्या पुढ्यात ठेवलं. तो उठला.

प्रेक्षकांच्या रांगांखाली, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात दवाखाना होता. मार्जरी तिथे नाही हे पाहून त्याने इलोनाकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर तिला झोंबली. पण तोवर डॉक्टरबाईंनी त्याला पलंगावर बसवून छातीला तारा लावल्या होत्या. कागद बाहेर आला तशा त्या गंभीर झाल्या.

"कोणी आणलं यांना?" त्यांनी विचारलं. "वेळेवर आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

सुई टोचली गेली, नाकावर प्राणवायूची नळी चढली. वेंडेलने डोळे मिटून घेतले. बाहेर तिसरा भाग संपल्याची शिट्टी वाजली. इलोनाने त्याचा हात धरून ठेवला. चौथा भाग सुरू झाला, पुढे गेला, आणि हात गरमच राहिला. तिला रडू फुटलं. वाचला, असं ती मोठ्याने म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कोपऱ्यातल्या रेडिओचा आवाज जरा वाढवला.

"काय माणूस आहे," त्या कौतुकाने म्हणाल्या, "आज तर रंगात आलाय."

रेडिओवर वेंडेल बोलत होता. न अडखळता, भरल्या गळ्याने, शेवटच्या मिनिटांतली खेळी सांगत होता. डॉक्टरबाई रेडिओकडे बघून हसल्या. मग त्यांची नजर पलंगावरच्या माणसाकडे गेली, आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं.

वेंडेलने डोळे उघडले होते. तो ऐकत होता. त्याने इलोनाला काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

तोंडातून काहीच आलं नाही.

ड्यूईने तो पूर्ण शेवटचा भाग जीव तोडून सांगितला होता. त्यातला एक शब्दही कुणाच्या घरी पोचला नाही. मधली ती धडपड लोक विसरले, आणि गावभर बोलबाला झाला, की म्हातारा आज जन्मात बोलला नव्हता असा बोलला.

जानेवारी संपता संपता इलोना वेंडेलच्या घरी गेली. हंगाम केव्हाच संपला होता. वेंडेलचं हृदय सुधारलं होतं. गळा तीन डॉक्टरांनी तपासला, त्यात काही दोष नव्हता. फक्त आवाज नव्हता.

मार्जरीने दार उघडलं. आतून वेंडेल ऐकू येत होता.

"जुन्या फिती लावता का?" इलोनाने विचारलं.

"मी काही लावत नाही," मार्जरी म्हणाली. "त्या दिवसापासून हा असाच चालू आहे."

या वेळी केंद्रावर पोल्का नाचाचं संगीत असतं. ते इलोना स्वतःच सुरू करून आली होती. तरी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर वेंडेल सामना सांगत होता. खेळाडूंची नावं तिने कधी ऐकली नव्हती. ते अजून संघात यायचे होते.

"बंद नाही केलात?"

"एकदा केला. वेंडेल निळा पडला." मार्जरी हे अगदी साधेपणाने म्हणाली. "कॉफी घेशील?"

वेंडेल टेबलाशी रेडिओकडे तोंड करून बसला होता. इलोनाला बघून त्याला आनंद झाला. त्याने तिचा हात हातात घेतला आणि थोपटला. त्या खोट्यासाठी त्याने तिला माफ केलं होतं, हे त्या थोपटण्यात कळत होतं. तिला बरं वाटलं. ती त्याच्या समोर बसली.

तेव्हा तिला त्याचे ओठ दिसले. ते हलत होते. रेडिओ जे बोलत होता तेच ते जुळवत होते, शब्दन् शब्द. फक्त मागून. ती वर्षानुवर्षं हेच मोजत आली होती, त्यामुळे तिला अंदाज घ्यायला वेळ लागला नाही. दोन वाक्यांचं अंतर होतं.

"पहिल्यांदा बरंच जास्त होतं," किटली ठेवता ठेवता मार्जरी म्हणाली. "पाव भाजून होईपर्यंत. आता कमी होत चाललंय. म्हणजे सुधारतोय ना गं तो?"

इलोना त्याच्या ओठांकडे बघत अंतर मोजत राहिली.

रेडिओवरचा आवाज चढत गेला. प्रेक्षकांचा कल्ला वाढला. मग शब्दाच्या मध्येच आवाज तुटला, आणि मागे नुसता कल्ला उरला.

मार्जरीची पाठ त्यांच्याकडे होती, ती कप पुसत होती. वेंडेल इलोनाकडे बघून हसला. दोन वाक्यं मागे, त्याचे ओठ अजून हलत होते.