विजारफुलांवरचा आळ

डॉ. लोवेल हिंकल एक बरणी घेऊन व्हर्ना टॅकेटच्या दारात आला. तो गुरांचा डॉक्टर. ती खासगी गुप्तहेर, पूर्वीची शाळामास्तरीण.

"बर्ल स्किडमोरच्या तीन गायी मेल्या," तो म्हणाला. "विषारी विजारफुलं खाऊन. ती उगवतात शेजारच्या हेट्टीमावशीच्या उतारावर. मधलं फाटक तिनेच उघडं टाकलं, असं सगळे म्हणतात. तिला काही आठवत नाही. डोकं गेलं माझं, म्हणते. सोमवारी वृद्धाश्रमात निघालीय."

"विजारफुलांचं निदान कुणाचं?"

"माझंच."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"झोप लागत नाही मला." हे मात्र अगदी खरं होतं.

व्हर्नाने बरणी उजेडात धरली. गायीच्या पोटातून काढलेली पानं, आणि त्यांत गोल पिवळे दाणे. "हे काय?"

"मका असेल," लोवेल घाईने म्हणाला.

बर्ल कुरणाच्या कुंपणाशीच भेटला. "मका? माझा मका जानेवारीतच संपला. कुरणाला फाटकं दोन. दक्षिणेचं म्हातारीच्या उतारावर जातं, उत्तरेचं घळीत. घळीत कोण कशाला मरायला जातंय?" मग त्याने हवा हुंगली. "डॉक्टर, आठवडा झाला तरी अंगाचा रानलसणाचा वास जाईना तुमच्या. कुठे सापडला?"

"दिला कुणीतरी."

"बायकोलासुद्धा जागा सांगत नाहीत लोक, आणि तुम्हाला घरपोच?" बर्ल खो खो हसला. लोवेलला हसू आलं नाही.

हेट्टीमावशीच्या अंगणात खोकी बांधून ठेवली होती. "फाटकाला कडी घातली होती गं मी," ती व्हर्नाला म्हणाली. "असं वाटतं खरं. पण आता चूल बंद केली का, तेही तीनतीनदा बघते." लोवेल बुटांकडे बघत राहिला. त्याला स्वतःची किळस आली.

उतारावर विजारफुलं डोलत होती, उलट्या वाळत घातलेल्या इवल्या पांढऱ्या विजारींसारखी. व्हर्नाने वास घेतला. काहीच नाही. एक रोप उपटलं. खाली पांढरट-गुलाबी, टोकदार कंद.

"आता घळ बघू."

"तिकडे काय ठेवलंय?" लोवेल म्हणाला, पण ती चालूही लागली होती.

घळीतल्या रोपांची पानं हुबेहूब तशीच. फुलं मात्र वरून गोलसर, आणि गोड वासाची. माती खुरांनी तुडवलेली. शेजारीच कुणीतरी मुळं राखून रानलसूण कापून नेला होता, आणि प्रत्येक काप अर्धगोल होता.

संध्याकाळी व्हर्नाने सगळ्यांना हेट्टीमावशीच्या स्वयंपाकघरात बसवलं.

"ही दोन फुलं सख्ख्या बहिणी, दोघीही विषारी," ती म्हणाली. "पण विजारफुलाला वास नाही, आणि त्याचा कंद पांढरट. दुसरीला आपण खारमका म्हणतो, खारीचा मका. तिला वास असतो, आणि कंद मक्यासारखे पिवळे. बरणीत पिवळेच कंद आहेत. मावशींच्या उतारावर खारमका औषधालाही नाही. म्हणजे गायी घळीत चरल्या, उत्तरेच्या फाटकातून. ते उघडं टाकलं रानलसूण कापायला गेलेल्याने. त्याच्याकडे खूर तासायची वाकड्या पात्याची सुरी होती. बर्ल, तुझ्या गायींचे खूर कोण तासतं?"

बर्लने डॉक्टरकडे पाहिलं.

"तीस वर्षं ह्या डोंगरात गुरं तपासणाऱ्याला पिवळा कंद ओळखता येत नाही, हे मी मानणार नाही," व्हर्ना म्हणाली. "चूक फाटकाची होती. खोटं निदान मात्र जाणूनबुजून केलं."

"त्या दिवशी संध्याकाळी लसूण घेऊन परतलो तेव्हा गायी घळीत होत्या," लोवेल म्हणाला. "हाकलून आत घातल्या, कडी लावली. वाटलं, थोडंसंच खाल्लं असेल. सकाळी बर्लने बोलावलं. गुरांच्या डॉक्टरानेच गुरं मारली, हे सांगायला जीभ रेटेना. तोंडून विजारफुलं निघाली."

"म्हणजे मी फाटक लावलं होतं?" हेट्टीमावशीने विचारलं.

"लावलं होतंस, मावशी."

"पुन्हा सांग."

"तू फाटक लावलं होतंस."

"सहा दिवस मी चूल चाचपतेय," ती म्हणाली. "आणि तू रोज इथे बसून माझी कॉफी पीत होतास." तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "माझ्या लेकीने तिकडे खोली ठरवलीय. लाव तिला."

दुसऱ्याच घंटीला लेकीने उचलला. लोवेलने नाव सांगितलं. "डॉक्टर? बरं झालं तुम्हीच केलात. तुम्ही रोज आईकडे जाता, म्हणून मी निर्धास्त आहे हो. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

लोवेलने रिसीव्हर घट्ट धरला. हेट्टीमावशी हाताची घडी घालून समोर उभी होती.

"बोल," ती म्हणाली.