पिण्यास योग्य

दिवा बारीकच राहू दे. हे ऐकीव नाही, पोरांनो. ज्याच्यावर बेतलं तो माझा सोबती. एकाच प्रयोगशाळेत आम्ही जन्म काढला. जमिनीखालच्या पाण्यात काय विरघळलंय ते शोधायचं, हे त्याचं काम. घरचं पाणीसुद्धा आधी उजेडात धरून बघायचा, म्हणून आम्ही त्याला ‘थेंब्या’ म्हणायचो.

निवृत्तीला महिना राहिला होता. एका खेड्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. “साहेब, एकाच बोअरचं पाणी पिणारी सात माणसं गेली हो.”

थेंब्यानं त्या बोअरची जुनी फाईल काढली. बारा वर्षांपूर्वीचा अहवाल. ‘पिण्यास योग्य.’ खाली सही त्याचीच. घाईत त्यानं आर्सेनिक तपासलंच नव्हतं. त्या विषाला ना रंग, ना वास, ना चव.

वरिष्ठ म्हणाले, “झाकली मूठ राहू द्या.” थेंब्या एकटाच निघाला.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. तिथं वीज यायची रात्री एक वाजता. पंप चालल्याशिवाय खोलातलं पाणी मिळणार कसं? पंप सुरू झाला. पाइपात साठलेलं पाणी त्यानं आधी वाहू दिलं. मग बाटली भरली.

मागून आवाज आला. “साहेब, पाणी चांगलं आहे ना?”

एक बाई. हातात रिकामी बादली.

“नाही हो ताई. पिऊ नका हे.”

“तुम्हीच तर सांगितलं होतं…”

तिच्यामागे एक म्हातारा. त्याच्यामागे दोघी. आणखी… थेंब्यानं मोजले.

सात.

पंपाचा आवाज ऐकू येईना. पाणी मात्र वाहत होतं.

“चुकलं माझं. उद्याच बोअर बंद करतो. अजून काय करू? सांगा ना…”



कुणी हलेना.

थेंब्यानं ओंजळ धरली. प्यायला. सगळं.

वर पाहिलं तर… कुणी नाही.

नमुन्यात आर्सेनिक निघालं, मर्यादेच्या वीसपट. त्यानं चूक लेखी कबूल केली. बोअर बंद झाला. त्याचा शेवटचा महिना निलंबनात गेला.

पण त्या पहाटेपासून त्याचे तळहात खरबरीत झाले. मुगाएवढे कडक खडे, दोन्ही हातांभर. डॉक्टरांनी विचारलं, “आर्सेनिकचं पाणी किती वर्षं पिताय?”

“एकदाच. एक ओंजळ.”

डॉक्टरांनी दोन्ही तळहात पुन्हा उजेडात धरून पाहिले. “असे हात व्हायला… दहा-बारा वर्षं लागतात.”

परवाच भेटला. मी हात हातात घेतला त्याचा…

अजून तसाच खरबरीत आहे.