शेवट तेवढा सांगा

पिक्चर सुटायला अजून बराच अवकाश होता, आणि टॉकीजच्या दारातून तो एकटाच बाहेर आला.

देवश्री पायऱ्यांवर उभी होती. भादव्यातला तो रटाळ पाऊस... धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. तिच्या हातात माइक. शेजारी प्रणाली, तिच्या हातात मोबाइल – तोच त्यांचा कॅमेरा. दर शुक्रवारी नवा पिक्चर लागला की दुपारच्या शोला या दोघी दारात हजर. पब्लिक सुटली की विचारायचं – कसा वाटला? पाचपैकी किती स्टार? आणि संध्याकाळी ते यूट्यूबवर टाकायचं. अमरावतीत लोक त्यांच्या चॅनेलला बऱ्यापैकी ओळखायला लागले होते. गंमत एवढीच, की देवश्रीने स्वतः यातला एकही पिक्चर पाहिलेला नसे. आत बसलं तर बाहेर दारात कोण उभं राहणार?

"देवे, पकड त्याला!" प्रणाली कुजबुजली. "अर्ध्यातून उठला. असा बाइट रोज नाही भेटत."

देवश्रीने माइक पुढे केला. "सर, एक मिनिट! इतका बेकार आहे का पिक्चर?"

तो थबकला. पंचविशी ओलांडलेला, उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. डोळे लालभडक, पापण्या ओल्या. ते काही पावसाचं नव्हतं. पावसात तो अजून आलाच नव्हता.

"नाही... मस्त आहे. लय हसलो."

"हसून डोळे असे होतात?"

तो जरासा ओशाळला. "कॉमेडीला रडलं तर कोणाच्या लक्षात येत नाही, मॅडम. सगळेच डोळे पुसत असतात."

प्रणालीने मोबाइल खाली घेतला. देवश्रीच्या तोंडून सवयीचंच निघालं, "पाचपैकी किती स्टार?"

"शेवट पाहिल्याशिवाय कसे देऊ?" तो निघाला, आणि दोन पायऱ्या उतरून वळला. "तुम्ही सुटेपर्यंत इथंच असता ना? मग... शेवट तेवढा सांगा मला. आईला सांगावा लागतो." रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडे त्याने मान केली. "संध्याकाळी गेटवर चहाला येतो मी."

डोक्यावर रुमाल धरून तो रस्ता ओलांडून गेला. देवश्री पाहत राहिली. मग दारं उघडली आणि पब्लिक लोटली.

"हसू तं भल्लं आलं," चांदूर बाजारचे एक काका सांगत होते, "पन घरी जाईपर्यंत टिकलं पाह्यजे ना!"

"काका, शेवटी काय होतं हो?" देवश्रीने विचारलं. हा प्रश्न तिने याआधी कोणालाच विचारला नव्हता.

*

त्याचं नाव उद्धव. अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. गाव मूर्तिजापूरकडचं, काळ्या मातीतलं. आईला – पार्बताबाईंना – दर शुक्रवारी सलाइनमधून औषध द्यायला इथं आणायचा. वॉर्ड बायकांचा. दुपारी पुरुषांना तिथून बाहेर काढत. आत बेबीताई आत्या बसायची, आणि याला जायला जागा नाही, म्हणून समोरचं टॉकीज. वॉर्डाचं दार पिक्चर सुटायच्या आधी उघडायचं, म्हणून शेवट कायम हुकायचा.

"पण आईंना सिनेमा एवढा आवडतो?" देवश्रीने चहाचा कप दोन्ही हातांत धरून विचारलं.

"आवडतो?" तो पहिल्यांदाच हसला. "लग्न झाल्यावर बाबांसोबत मूर्तिजापूरला पिक्चर पाहायला जायची, शकुंतला रेल्वेनं. छोटी गाडी, रमतगमत चालायची. पण परतीला मात्र वेळेवर. पिक्चर सुटायच्या आधी निघायची. मग आमच्या गावचे लोक सगळे शेवट सोडून पळायचे स्टेशनवर. आणि डब्यात बसून..."

"काय?"

"शेवट ठरवायचे. कोणी म्हणे हिरो वाचला, कोणी म्हणे नाही वाचला. भांडायचे. गाव येईपर्यंत ज्याचा शेवट पटला, तो खरा. आईनं जवानीत एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नाही. आता म्हणते, मले खरे शेवट पाह्यजे."

अशी सुरुवात झाली. त्याला पिक्चरचं डोकं माहीत, हिला शेपूट. गेटवरच्या चहाच्या ठेल्यावर दोघं ते जोडायचे, आणि तो वर जाऊन आईला अख्खा पिक्चर सांगायचा.

भुताचा पिक्चर लागला तेव्हा तो ताजातवाना बाहेर आला.

"घाबरला नाहीत?" देवश्रीने माइक न धरताच विचारलं.

"झोपलो. भुताच्या पिक्चरला छान झोप लागते. बाकीचे सगळे जागे असतात ना... आपण एकट्यानं जागायचं काम नाही."

तो हे गमतीने बोलला होता. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकू आलं.

मग मारामारीचा आला. "एका बुक्कीत बारा मानसं!" बडनेऱ्याचा एक शेतकरी हात नाचवत होता. "आमच्याच्यानं एक गोऱ्हा दावनीले बांधनं होत नाही!" ऐतिहासिक आला, त्यावर एका रिटायर्ड मास्तरांचं मत, "घोडे उत्तम होते." कौटुंबिक आला, तर डोळे पुसत बाहेर पडलेल्या एका आजीबाईंची तक्रार, "सून लयच चांगली दाखोली. असं काई राह्यते का?" हे सगळं देवश्री उद्धवला नकला करून सांगायची आणि तो हसायचा. हसताना मात्र त्याची नजर सारखी वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे जायची.

"तुमचं काय मत?" एकदा त्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. सगळ्या जगाला विचारता. तुम्हाला काय वाटतं, ते कधी सांगत नाही."

ती गोंधळली. खरंच होतं ते. घरीही तसंच. साडी कोणती घ्यायची – आई, तूच बघ. पुण्याचं एक स्थळ सांगून आलं होतं, बाबा विचारत होते, तुझं मत काय – तुम्ही ठरवा. लहानपणापासून शहाणी मुलगी म्हणून नाव होतं, ते असंच कमावलेलं.

"माझं काम विचारायचं," ती म्हणाली.

"सोपं काम आहे," तो म्हणाला. ते तिला लागलं, आणि लागलं म्हणून रागही आला... त्याचा नाही, स्वतःचा.

*

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एक प्रेमकथा लागली. कॉलेजची पोरं तोंड पाडून बाहेर पडली. "हिरोईन मरते ना जी शेवटी," एक जण वैतागून म्हणाला. "दवाखान्यात. मंग आमी कायले आलो?"

संध्याकाळी उद्धव गेटवर आला. दाढी वाढलेली. आज डॉक्टर बराच वेळ बोलले, एवढंच तो म्हणाला. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

"शेवट?"

देवश्रीने चहाकडे पाहिलं. "बरी होते ती," ती म्हणाली. "दवाखान्यातून घरी जाते. दोघं गाडीत खिडकीशी बसतात... बाहेर कापूस फुटलेला असतो. संपलं."

त्याने मान हलवली. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी तो पिक्चरला गेलाच नाही. पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला.

"आईनं तुम्हाला बोलावलंय. मला आत जाता येत नाही दुपारी... तुम्हाला येतं."

प्रणालीने तिच्या हातातला माइक काढून घेतला. "जा. पब्लिक मी सांभाळते."

वॉर्डात फिनेलचा वास होता. बेबीताई स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती. पार्बताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला हिरवा रुमाल, हात काडीसारखे. डोळे मात्र थेट उद्धवचे.

"तूच का वं ते शेवटवाली?"

"हो, काकू."

"बस. ते पोरगी मेली ना पिक्चरमंदी?"

देवश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही... ती..."

"गाडीत खिडकीपाशी बसली, कापूस फुटला." पार्बताबाई हसल्या. "हा शेवट आमच्या डब्यातला होय, माय. पिक्चरवाले असा नाही करत. मी आयकल्याबरोबर ओयखला. उद्धवचे बाबा असेच शेवट करत. कोनालेच मरू देत नव्हते."

"चुकलं माझं."

"काहून चुकलं? बरं केलं." त्यांनी सुकलेल्या हाताने तिचं मनगट धरलं. हात गरम होता. "आता एक खरं सांगजो. लोकाईले पुसत राह्यते ना तू, पिक्चर कसा वाटला, पिक्चर कसा वाटला? मी तुले पुसतो. माया उद्धव कसा वाटला तुले?"

देवश्रीचे कान तापले. उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. पण सवय आडवी आली.

"पब्लिकला विचारून सांगते, काकू."

पार्बताबाई खो खो हसल्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. बेबीताई दचकून जागी झाली, पाणी आणायला धावली. ठसका थांबल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या सुक्रवारी सांग मंग. वाट पाहीन."

पुढच्या शुक्रवारी उद्धव आला नाही. देवश्री धावत वॉर्डात गेली, तर खाटेवर नवी चादर घातलेली, नवी बाई झोपलेली. पार्बताबाईंना घरी नेलं, असं नर्स म्हणाली.

दिवाळीनंतर त्याचा मेसेज आला. आई गेली. बस, एवढंच.

देवश्रीने काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. "काय लिहू गं?" तिने प्रणालीला विचारलं.

"ते तरी मला नको ना विचारू," प्रणाली म्हणाली.

शेवटी तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, सगळे पाठवतात तसं. आणि मग लाजेने पुढे काहीच पाठवता आलं नाही. त्याच्याकडूनही काही आलं नाही. त्याला आता अमरावतीला येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

हिवाळाभर ती दारात उभी राहिली. पिक्चर लागत होते, उतरत होते. प्रत्येक शुक्रवारी, सुटायच्या थोडं आधी, तिची नजर दारावर जायची. कोणी लघवीला बाहेर यायचं, कोणी फोन लावायला.

*

मार्चात चॅनेलने ठरवलं, आता अकोल्याची पब्लिकही घ्यायची. आदल्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पुण्याचे लोक उत्तर मागतायत गं. काय कळवू?"

"नाही म्हणून कळवा," देवश्री म्हणाली.

आईचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. "का गं? कोणी काही बोललं का?"

"कोणी नाही. मीच बोलतेय."

आणि ताटावरून उठून तिने उद्धवला मेसेज केला. उद्या अकोल्यात आहे, दुपारच्या शोला. खाली टॉकीजचं नाव, पुढे काही लिहिलं नाही.

अकोल्याचं ऊन मार्चातच डोक्यात जातं. रस्ता ओस पडलेला, रसवंतीच्या घुंगरांचा तेवढा आवाज. देवश्री दाराकडे डोळे लावून उभी होती. पिक्चर सुटायच्या आधी कोणीही बाहेर आलं नाही. मग दारं उघडली.

"चार स्टार," कोणी म्हणालं. "दीड. तेही गान्यायचे," कोणी म्हणालं. गर्दी ओसरली. प्रणाली स्टँड मिटायला लागली. नाही आला...

आणि सगळ्यांच्या शेवटी तो आला. वाळला होता. मुंडणानंतर उगवलेले केस अजून आखूड.

ती पुढे झाली. माइक कुठे ठेवला, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही.

"आज पूर्ण पाहिलात?"

"हं. पहिल्यांदा." तो दाराकडे वळून पाहत म्हणाला. "दिवे लागले, लोक उठले. मी बसूनच होतो. शेवट तर पाहिला... आता सांगायचा कोणाला?"

आज सवयीला आडवं येऊ द्यायचं नव्हतं.

"काकूंनी मला एक विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. शुक्रवारी सांग म्हणाल्या होत्या... आणि तो शुक्रवार आलाच नाही."

"काय विचारलं होतं?"

"तुम्ही मला कसे वाटता."

रसवंतीचं चाक थांबलं.

"मला तुम्ही आवडता," देवश्री म्हणाली. "कोणाला विचारून नाही सांगत. हे माझं मत आहे. तेव्हाही होतं. काकूंना सांगायला पाहिजे होतं मी. त्या वाट पाहते म्हणाल्या होत्या."

उद्धवने खाली मान घातली. तो चपलेचा अंगठा पायरीवर घासत राहिला.

"घरी नेताना तिनं मला विचारलं," तो हळूच म्हणाला. "त्या पोरीचं उत्तर आलं का? मी म्हटलं, कशाचं उत्तर? तर म्हणे, तुले नाही सांगत. आलं की तुले समजन." त्याने डोळे पुसले. इथं कॉमेडी नव्हती, अंधारही नव्हता. भर उन्हात पुसले. "मी चार महिने विचार करून राहिलो, कशाचं..."

प्रणाली लांबूनच ओरडली, "देवे, गाडी चुकेल हं!"

"किती स्टार?" त्याने विचारलं. हसण्याचा प्रयत्न अर्धाच जमला.

"शेवट पाहिल्याशिवाय कसे देऊ?"

गाडी सुटता सुटता तोही डब्यात चढला. "मूर्तिजापूरपर्यंत येतो," तो म्हणाला. "गावचं घर बंद आहे... बाबाही नाहीत आता. तुळशीला पाणी घालून येतो." प्रणाली शहाण्यासारखी पलीकडच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने कानात इअरफोन घातले.

देवश्री खिडकीशी बसली, तो समोर. बाहेर कापूस केव्हाच वेचून झाला होता. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधाबांधावर पडलेले, आणि काळी, भेगाळलेली, रिकामी वावरं. तो ते पाहत होता. मग त्याचे डोळे पुन्हा भरले.

कसं वाटतंय, हे तिने विचारलं नाही. उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.