भिंतीत शिरणारी वाट

इमारतींभोवतीच्या बागा आखायचं परदेशात शिकून परतताना तिला वाटलं होतं, आपलं पहिलं भांडण बिल्डरशी होणार. त्याला हवी असतील कारंजी, सिमेंटचे हंस आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशा पाट्या. आपण ठणकावून सांगू, की वाटा आपण आखायच्या नसतात, पावलांना आखू द्यायच्या असतात. आधी नुसतं गवत लावायचं. लोक राहायला आले, की दुकानाकडे, शाळेच्या बसकडे, शेजारणीकडे जाता-येता जिथलं गवत मरेल तिथेच फरशी घालायची.

प्रत्यक्षात बिल्डर पहिल्याच बैठकीत ‘बरं’ म्हणाला आणि चहा मागवला. भांडण झालंच नाही. वाट मात्र पडली. आणि तीही एकही माणूस राहायला येण्याआधी.

हिरवळ नुकती कुठे दाट झाली होती. फाटकाला कुलूप, इमारती रिकाम्या. तरी पूर्वेच्या कंपाउंड भिंतीपासून एक पिवळी, मळलेली पायवाट निघाली होती आणि हिरवळ कापत सरळ तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटवर जाऊन थडकली होती. एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत. ना इकडे फाटक, ना तिकडे दार.

“कुत्री असतील,” सुपरवायझर फोनवरून नजर न काढता म्हणाला. साइटवर तिला ‘हिरवळवाल्या बाई’ हे नाव त्यानेच पाडलं होतं. “आणि मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, पावलं वाट आखतील? घ्या, आखली. एवढी आज्ञाधारक पावलं आम्हाला कधी भेटली नाहीत.”

ती हसली नाही. कोपऱ्यातला तो फ्लॅट तिच्या आईचा होता. जुन्या घराचे तीन जिने आईच्या गुडघ्यांना झेपेनासे झाले होते. “तळमजला घे,” म्हणून तिनेच आईच्या मागे लकडा लावला होता. “खिडकीतून बाग दिसेल, आणि बाग माझी असेल.” सामान बांधून तयार होतं.

“इथे आधी काय होतं?” तिने विचारलं.

“काय असणार? माळ. त्या कोपऱ्यातल्या फ्लॅटच्या मागे नदी. लोक होडी धरायला इथूनच जायचे म्हणे. मग नदी पाइपात गेली, वर रिंगरोड आला. आता कसली होडी न्‌ काय.”

तो गेल्यावर ती वाटेवर उकिडवी बसली. गवत वाचायला ती शिकली होती. पाऊल जातं तिकडे पातं झुकतं. ये-जा असली, की पाती दोन्हीकडे पडतात. इथलं प्रत्येक पातं एकाच दिशेला झुकलं होतं. फ्लॅटकडे. त्या वाटेने परत कोणी आलंच नव्हतं.

संध्याकाळी आई पडद्यांची मापं घ्यायला आली. फ्लॅटमध्ये अजून वीज नव्हती. खोलीत रंगाचा वास कोंडला होता आणि बाहेरचा उजेड हळूहळू राखाडी होत चालला होता. आई एकुलत्या एका खुर्चीत बसून हुकूम सोडत होती.

“नीट धर की टेप. एवढी शिकलीस, पण हात अजून कापतो.”

“आई, तो तुझा पडदा आहे. माझी परीक्षा नाही.”

“परीक्षाच आहे. शेजारणी आधी पडदे बघतात, मग माणसं.”

तिने हसून खिडकीबाहेर पाहिलं आणि टेप हातातून सुटली.

वारा नव्हता. तरी पलीकडच्या भिंतीजवळचं गवत दबत होतं. एक पाऊलभर दबलं, मग पुढचं, मग त्याच्या मागचं... सावकाश, जड ओझं घेऊन चालणाऱ्यांच्या चालीने. ते एक नव्हते. हिरवळीवरून नुसता दबका, ओलसर आवाज येत होता. चप्... चप्... खिडकीखाली येऊन तो थांबला.

आणि मग वास. रंगाचा नव्हे. ओल्या चिखलाचा, घामाचा, खूप वेळ उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांचा. रिकाम्या खोलीतली हवा एकदम गरम झाली. स्वयंपाकघराच्या बंद भिंतीला आतून काहीतरी घासत होतं, जसे गर्दीतले खांदे घासतात.

“आई... चल. निघू या.”

आईने खुर्ची थोडी बाजूला सरकवली. पदर आवरून घेतला, एखाद्याला जायला जागा देतात तसा.

“अगं, सरक जरा,” ती हळूच म्हणाली. “किती वेळची ताटकळलीयेत... होडीच नाही म्हणतात.”

होडीचं आईला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिने आईचा हात धरून तिला ओढतच बाहेर काढलं. रिक्षात बसल्या बसल्या सुपरवायझरला फोन लावला.

“ती वाट बंद करा. आत्ता. आडवे पत्रे ठोका.”

“आणि ते पावलांचं शास्त्र?”

“पत्रे ठोका हो!”

तो बडबडत का होईना, पण पत्रे ठोकून गेला. जुन्या घरी आई शांत जेवली आणि झोपली. तिला मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती पाणी प्यायला उठली आणि दिवाणखान्यात थबकली. दारापासून थेट आईच्या खोलीतल्या भिंतीपर्यंत जुना लोकरी गालिचा होता. त्याची लोकर मधोमध दबली होती. एका रेषेत, दारापासून आत. आईच्या पलंगाच्या कडेने जाऊन ती रेषा भिंतीशी संपली होती. लोकरीचा प्रत्येक तंतू एकाच दिशेला झुकलेला.

ती गालिच्याजवळ उकिडवी बसली. हेच तर तिला शिकवलं होतं, हेच ती सगळ्यांना तावातावाने सांगत आली होती. वाट अडवली म्हणून चालणारे थांबत नाहीत. ते दुसरीकडून येतात.

तिने फोन उचलला.

“पत्रे काढा. कोपऱ्यातल्या फ्लॅटची मागची भिंत फोडा, आणि रिंगरोडच्या बाजूचं कंपाउंडही. आरपार. दिवस मावळायच्या आत.”

“मॅडम, शुद्धीवर आहात ना? साहेबांना काय सांगू?”

“सांगा, तिथे कोणी राहणार नाही. आम्हीही नाही. तिथे वाट आहे.”

फोन ठेवून तिने बाहेरच्या दाराला कडी घातली, वर कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरून दाराला पाठ लावून बसली. त्यांना जाऊ द्यायचं, पण आज दिवसभर आईला इथून हलू द्यायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं.

आतून आई आली. वेणी घातलेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हातात छोटी पिशवी.

“भिंत पाडतायत का? बरं झालं बाई. त्यांनी जागा धरून ठेवलीये माझी.”

“आई, तू कुठेही जाणार नाहीस. कुलूप लावलंय मी.”

आईने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की पाहायची तसं, मायेने. मग गालिच्यावरच्या त्या रेषेवर येऊन उभी राहिली, रेषा जिथे संपत होती त्या भिंतीकडे तोंड करून.

“असू दे की कुलूप, बाळा,” ती म्हणाली. “दारातून कोण जातंय?”