गुरगुरणारा सूर

"माफी मागणार नाही," खुर्चीत टेकायच्या आधीच ती मुलगी म्हणाली. "चोरीच केलेली नाही, तर माफी कसली?"

भाऊजींना ती तिथल्या तिथे आवडली. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत माणसं सहसा रडत यायची. ही भांडत आली होती.

वहिनींनी पंखा कमी केला. खासगी तपासाचं काम त्या नवरा गेल्यापासून करत होत्या, आणि त्यांचे दीर, म्हणजे आपले भाऊजी, भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी चालवत होते. प्रत्येक प्रकरणात ते सगळ्यांत आधी गुन्हेगार ओळखायचे. तो एकदाही गुन्हेगार निघाला नव्हता. पण हार मानतील तर ते भाऊजी कसले!

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

मुलगी वाद्यवृंदात चेलो वाजवत होती. चेलोवाल्यांत वयानं सर्वांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत.

"चेलो म्हणजे ते मोठं व्हायोलिन ना?" भाऊजींनी विचारलं.

"खांद्यावर घेऊन दाखवा, मग बोलू," धाकटी फटकन म्हणाली.

"भाऊजी, गप्प बसा," वहिनी म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

हकीकत अशी. वाद्यवृंदाच्या मालकीचा एक जुना, नावाजलेला चेलो होता. तो आयुष्यभर मास्तरांच्या हातात होता. मास्तर म्हणजे चेलोतलं मोठं नाव, आणि धाकटीचे गुरू. ते निवृत्त होत होते. रविवारी त्यांची निरोपाची मैफल टीव्हीवर थेट दाखवली गेली. ती संपल्यावर समितीचे अध्यक्ष तो चेलो पुढच्या वादकाच्या हाती देणार होते. पुढची वादक होती धाकटी.

"मैफल संपली. मास्तरांनी मंचामागच्या खोलीत चेलो पेटीत ठेवला, मला राखण करायला सांगितलं आणि ते सत्काराला गेले. मी दाराबाहेर बसले. मग सगळे आले, पेटी उघडली, तर आत नक्कल."

"नक्कल कुठून आली?"

"प्रवासात जुना चेलो खराब होऊ नये म्हणून मास्तरांनी फार पूर्वी हुबेहूब तसाच एक करून घेतला होता. तो वाद्यांच्या खोलीत असायचा. त्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक मास्तरांकडे, एक माझ्याकडे."

"आणि तू राखत होतीस त्या खोलीला दुसरं दार?"

"आहे. मागच्या जिन्याकडे उघडतं. पण ते कुणाला सांगू? अध्यक्ष म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत वाद्य परत कर, सर्वांसमोर माफी माग आणि वाद्यवृंद सोड. नाहीतर पोलीस." तिचा आवाज जरा चिरकला, तशी ती स्वतःवरच चिडली. "एकदा चोर म्हणून निघाले की मला कुठलाही वाद्यवृंद दारात उभं करणार नाही. सात वर्षांची होते तेव्हापासून मी दुसरं काही शिकलेच नाही हो. पण माफी नाही. मुळीच नाही."

"मागूही नकोस," वहिनी म्हणाल्या.

तालमीच्या खोलीत दोघं चेलोवादक भेटले. पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्याला सगळे मिशा म्हणत, आणि का म्हणत ते दिसतच होतं. दुसऱ्या होत्या काकू, वयानं ज्येष्ठ, मांडीवर विणकाम. सभागृहात जागा नव्हती म्हणून दोघांनी मैफल याच खोलीतल्या टीव्हीवर पाहिली होती. मैफलीचं चित्रमुद्रण अजून होतं. वहिनींनी ते लावायला सांगितलं.

पडद्यावर पांढऱ्या केसांचे मास्तर डोळे मिटून वाजवू लागले. शेजारी फक्त पियानो. आणि या दोघांचा रविवारचा वाद जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला.

"गज बघा," काकू म्हणाल्या. "मनगट कसं सैल आहे! या वयात!"

"मनगट सोडा. आता येतो तो संथ भाग ऐका. हा लांब सूर. बघा, गुडघा लावलाच नाही म्हाताऱ्यानं!"

"गुडघा?" भाऊजी पुढे सरकले.

मिशांनी समजावलं. चांगल्या जुन्या चेलोत एखादा सूर असा असतो की तो लावला की सगळं वाद्य थरथरून गुरगुरतं. वादक त्याला लांडगा म्हणतात. तो आवरायला काही जण तारेवर छोटा धातूचा तुकडा बसवतात. मास्तरांना त्याची चीड होती. लांडगा आला की ते गुडघ्यानं वाद्याची कूस दाबायचे, की गुरगुर बंद.

"शिकवायचेही तसंच," काकू म्हणाल्या. "बोट सुरावर पोचायच्या आधी गुडघा पोचला पाहिजे, म्हणायचे. चहा पितानासुद्धा ते सूर गुणगुणले की गुडघा हलायचा त्यांचा."

"मग रविवारी?"

"रविवारी गुडघा जागचा हलला नाही, आणि सूर काचेसारखा साफ. मी तेव्हाच म्हणालो, वाद्यात काहीतरी बदल आहे."

"काही बदल नाही," काकूंनी सुई रोखली. "टीव्हीवाले आवाज साफ करतात. तुम्हाला तो चेलो मिळाला नाही म्हणून पोटात दुखतंय."

मिशा लाल झाले. "दुखतंय! वीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसलो आणि वाद्य कालच्या पोरीला? दुखणारच. पण म्हणून मी चोरी करीन?"

"मैफल संपल्यावर कुठे होतात?" वहिनींनी विचारलं.

"घरी गेलो. मागच्या जिन्यानं. टाळ्या वाजवायची इच्छा नव्हती."

बाहेर पडताच भाऊजींनी वहिनींचा पदर ओढायचाच बाकी ठेवला. "मिशा! मागचा जिना, वहिनी! स्वतःच कबूल केलं!"

"चोर स्वतःहून जिना कशाला सांगेल, भाऊजी? गाडी काढा."

वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर गल्लीच्या टोकाला होते. दुकानात वार्निशचा वास, छताला टांगलेली पोटउघडी व्हायोलिनं. पेटीत निघालेली नक्कल तपासायला त्यांच्याकडेच आणली होती.

"माझ्याच हातची," ते म्हणाले. "दिसायला भावंडं. पण लांडग्याची नक्कल नाही करता येत हो. तो ज्या लाकडात असतो त्यातच असतो. यात त्या सुरावर काही नाही." त्यांनी गज ओढून दाखवला. सूर साफ आला.

"जुन्याची आणखी काही खोड?"

"खोडच खोड! कोरड्या हवेत ठेवला तर दोन दिवसांत तडा जाईल. या दिवसांत तर वाफेचं यंत्र लागतंच. हा नवा मात्र कुठेही टाका, तक्रार नाही." ते थांबले. "ज्यानं नेला त्याला हे माहीत नसलं तर गेलाच तो. रात्री झोप नाही मला."

मास्तरांनी घराचं दार स्वतः उघडलं. सरावाच्या खोलीत एक खुर्ची होती, नोटेशनचा स्टँड, भिंतीत लांबरुंद कपाट, आणि चेलो ठेवायची मोकळी जागा. खिडक्या बंद. भाऊजींना घाम फुटला. कोपऱ्यात जमिनीवर एक यंत्र फुसफुसत पांढरी वाफ सोडत होतं.

"घशासाठी," मास्तर म्हणाले. "रविवारपासून आवाज बसलाय. आपलं माणूस गेल्यासारखं झालंय मला."

भाऊजींना त्यांची फार दया आली.

"रविवारी तुम्ही अस्सल चेलोच वाजवलात?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे काय! आंधळा झालो तरी माझा चेलो मला मांडीवर कळेल. मैफल संपेपर्यंत तो माझ्याकडे होता. नंतर त्या पोरीकडे." त्यांनी मान हलवली. "मुलीसारखी वाढवली हो तिला."

"उद्या दुपारी सगळ्यांना इथेच बोलावते," वहिनी म्हणाल्या. "चालेल ना?"

मास्तरांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कोंदट खोलीत अध्यक्ष, मिशा, काकू, कारागीर आणि धाकटी दाटीवाटीनं बसले. धाकटी ताठ बसली होती. वहिनी उभ्या राहिल्या.

"मास्तर म्हणतात, मैफलीत अस्सल चेलो होता. तसं असेल तर त्या लांब सुरावर तो गुरगुरायला हवा होता. तारेवर तुकडा नव्हता, गुडघा लागला नाही, तरी सूर साफ आला. कारागीर, असं कुठल्या वाद्यावर होतं?"

"माझ्या नकलेवर," कारागीर हळूच म्हणाले.

"टीव्हीवाले आवाज साफ करतात," काकू पुटपुटल्या.

"आवाज साफ करतील, काकू. गुडघा कसा साफ करणार?"

मास्तर चटकन म्हणाले, "म्हणजे तिनं मैफलीआधीच अदलाबदल केली! मला फसवलं! झगझगीत दिव्यांत, घाईत मला कळलं नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली. भाऊजींचीही डोलली. पटण्यासारखंच होतं ते.

"काल म्हणालात, आंधळा झालो तरी कळेल," वहिनी म्हणाल्या. "ते सोडून देऊ. समजा, तुम्ही फसलात. मांडीवर आपला जुना चेलोच आहे असं समजून तुम्ही वाजवायला बसलात. तो सूर आला. मग गुडघा का हलला नाही?"

मास्तरांचा हात नकळत गुडघ्यावर गेला. वहिनी पुढे बोलू लागल्या.

"बोट पोचायच्या आधी गुडघा पोचला पाहिजे, हा तुमचाच धडा. चहा पिताना हलणारा गुडघा रविवारी थंड बसला, कारण त्याला ठाऊक होतं की इथे लांडगा नाही. फसलेल्या माणसाचा गुडघा सवयीनं गेला असता. तुमचा गेला नाही. नक्कल मांडीवर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तिच्यावर तुम्ही बरेच दिवस सराव केला होता. वाद्यांच्या खोलीची दुसरी किल्ली तुमच्याचकडे. अस्सल चेलो त्या दिवशी सभागृहात आलाच नाही."

"मग आहे कुठे तो?" अध्यक्ष ओरडले.

"घसा दुखणारा माणूस वाफ तोंडाशी घेतो. हे यंत्र जमिनीवर आहे आणि त्याचं तोंड त्या कपाटाच्या फटीकडे आहे. चेलो चोरीला गेला, तर मास्तर, वाफ कुणासाठी? खोटं बोलायची तयारी होती तुमची, पण त्याला तडा जाऊ द्यायची नव्हती."

कारागिरांनी कुणाला न विचारता कपाट उघडलं. कोटांच्या मागे, मऊ चादरीत गुंडाळून, चेलो उभा होता. म्हातारे कारागीर त्याच्या कडांवरून बोटं फिरवत लहान मुलासारखे रडू लागले.

"माझं आयुष्य आहे ते!" मास्तर कडाडले. "समितीचा कागद काय सांगतो मला? कुणाच्या तरी हातात देऊन मी रिकाम्या खोलीत बसू?"

"आणि मी?" धाकटी उठली. "मी चोर म्हणून बसू? मुलीसारखी वाढवली म्हणालात ना?"

मास्तरांना तिच्याकडे बघवलं नाही.

अध्यक्षांनी घाम पुसला. "झालं गेलं विसरू या. मास्तरांचं नाव मोठं आहे. हे आपण चार भिंतींत मिटवू. वाद्य मिळालं, तुझी नोकरी शाबूत."

"नाही," धाकटी म्हणाली. "मला चोर म्हणालात ते सगळ्या वाद्यवृंदासमोर. आता खरं काय तेही सगळ्यांसमोर. माफी मागायचं ठरलंच होतं ना? मागा."

"शाब्बास!" भाऊजींच्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं. मिशांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. "पोरगी बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "ती नाही तर मीही वाजवणार नाही." काकूंनी विणकाम पिशवीत कोंबलं आणि त्याही उभ्या राहिल्या.

"उद्या तालमीआधी," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "सगळ्यांसमोर. मी मागतो."

"आधी हा अस्सलच आहे याची खात्री करून घेऊ," वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली.

धाकटी बसली. तिनं तारा जुळवल्या, गज उचलला आणि तोच लांब सूर लावला. वाद्य थरथरलं. खोलीभर गुरगुर घुमली, खिडकीची काच हलली, भाऊजींना ती बरगड्यांत जाणवली.

खुर्चीत कोसळलेल्या मास्तरांचा उजवा गुडघा आपोआप आत वळला. "गुडघा," ते कुजबुजले. "गुडघा लाव, पोरी."

"नाही लावणार," धाकटी म्हणाली. "आयुष्यभर तुम्ही दाबलंत त्याला. गुरगुरू दे आज."

आणि तिनं तोच सूर पुन्हा लावला, आधीपेक्षा मोठ्यांदा.